पळसाला पानं तीनच

अमेरिकी पत्रकार आय. एफ. स्टोन कानाने अधू होते. वॉशिंग्टनच्या पत्रकार परिषदांत व्यासपीठावरचं बोलणं त्यांना धड ऐकू यायचं नाही. कुणी बडा अधिकारी कोपऱ्यात नेऊन कानात काही सांगेल, अशी त्यांची ऊठबसही नव्हती; सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या दिवसांत ‘डावा’ असा शिक्का बसलेला माणूस. मग १९५३ मध्ये त्यांनी स्वतःचं छोटं साप्ताहिक काढलं आणि १९७१ पर्यंत चालवलं. वर्गणी, टपाल, हिशेब त्यांच्या पत्नी एस्थर बघायच्या. स्टोन वाचायचे. संसदीय समित्यांच्या सुनावण्यांची छापील बाडं, सरकारी खात्यांचे अहवाल, इतरांच्या वर्तमानपत्रांची आतली पानं. त्यातलं कात्रण काढून ठेवायचं आणि वाट बघायची.

असंच एक कात्रण त्यांनी १९५७ च्या सप्टेंबरमध्ये ठेवलं. अमेरिकेने १९ सप्टेंबरला नेव्हाडात जमिनीच्या पोटात अणुस्फोट केला. चाचणीचं नाव रेनियर, ताकद १.७ किलोटन. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीच्या शेपटीला दोन-चार ओळी जोडलेल्या होत्या: टोरंटो, रोम, टोकियो इथे भूकंपमापकांवर हादरा नोंदला गेला म्हणे. पुढच्या मार्चमध्ये अमेरिकी अणुऊर्जा आयोगाने निवेदन काढलं की रेनियरचा धक्का दोनशे मैलांपलीकडे जाणवलाच नाही. या दाव्याला राजकीय मोल होतं. चाचणीबंदीचा करार केला तर रशिया जमिनीखाली चोरून स्फोट करील आणि आपल्याला पत्ता लागणार नाही, हा चाचण्या चालू ठेवू पाहणाऱ्यांचा मुख्य मुद्दा होता. स्टोननी कात्रण काढलं आणि सरकारच्याच भूकंपशास्त्रज्ञांना फोन लावला. अमेरिका-कॅनडातल्या एकोणीस केंद्रांवर नोंद होती, आणि त्यातलं सगळ्यात लांबचं केंद्र होतं अलास्कातलं फेअरबँक्स, २३०० मैलांवर. आयोगाला दुरुस्ती काढावी लागली.

ही गोष्ट मला अनेक वर्षं आवडत आली आहे, आणि तिच्यात एका माणसाच्या हुशारीपेक्षा जास्त काही आहे असं वाटतं. अमेरिकेचं अणुधोरण हा वाचण्याचा विषय आहे, आणि तिथली बहुतेक पत्रकारिता तो ऐकत आली. राष्ट्राध्यक्ष बोलतात, संरक्षणमंत्री बोलतात, नाव न छापण्याच्या अटीवर कुणी अधिकारी बोलतो. बोलण्यात नेहमी काहीतरी नवीन असतं. छापलेल्या तक्त्यांत मात्र बरंचसं जुनंच पुढे सरकत असतं.

मी मराठी दैनिकात विदेश पानावर उपसंपादक म्हणून बराच काळ रात्रपाळी केली आहे. टेलिप्रिंटरवर पीटीआयची कॉपी यायची, तिच्या पोटात रॉयटर्स आणि एपी. अमेरिकेतली निवडणूक पार पडली की पुढचं वर्षभर आमच्या मथळ्यांतली क्रियापदं ठरलेली असायची. धोरण ‘बदलणार’, ‘नवं पर्व’ सुरू होणार, ‘कलाटणी’ मिळणार. यात कुणी मुद्दाम लबाडी करत नव्हतं. बातमीला ‘आज’ लागतो. जे काल होतं, आज आहे आणि उद्याही असणार आहे, त्याला पानावर जागा मागायची कुठल्या तोंडाने? ‘अमेरिकेची क्षेपणास्त्रं होती तिथेच’ हा मथळा कुठला मुख्य उपसंपादक पास करील? पान खाली जायला वीस मिनिटं उरलेली असताना असले प्रश्न कुणाला पडतही नाहीत. पण वॉशिंग्टनमध्ये वीस मिनिटांहून अधिक वेळ असलेले पत्रकार होते, आणि त्यांचंही बहुतांशी असंच होत आलं, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

याला सणसणीत अपवाद वॉल्टर पिंकस यांचा. ६ जून १९७७ च्या वॉशिंग्टन पोस्टमध्ये त्यांची बातमी पहिल्या पानावर आली. अमेरिकेत तेव्हा ऊर्जा संशोधन आणि विकास प्रशासन नावाचं खातं होतं, आणि अण्वस्त्रं बनवण्याचं काम त्याच्याकडे होतं. या खात्याची तरतूद प्रतिनिधीगृहात सार्वजनिक बांधकामांच्या विधेयकातून जायची. धरणं, कालवे, बंदरं, आणि मध्येच अणुबाँब. समितीपुढच्या सुनावणीचं इतिवृत्त छापण्याआधी अधिकारी त्यातला गोपनीय मजकूर खोडत. एक ओळ खोडायची राहून गेली. लान्स या कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्रासाठी ‘वाढीव किरणोत्सर्गा’चं अस्त्राग्र (वॉरहेड, म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकावरचा बाँब), अशा अर्थाची ती ओळ. पिंकसनी ती वाचली, चौकशी केली, आणि जगाला न्यूट्रॉन बाँब माहीत झाला.

जानेवारीत सत्तेवर आलेले जिमी कार्टर या अस्त्राबद्दल अनभिज्ञ होते असं तेव्हा छापून आलं. अंदाजपत्रक आधीच्या फोर्ड सरकारने तयार केलेलं होतं. पुढे काय गदारोळ झाला ते सांगायला नको. माणसं मारायची आणि इमारती शाबूत ठेवायच्या, हे वर्णन इतकं चपखल बसलं की वर्षभर युरोपात दुसरा विषय नव्हता. पश्चिम जर्मनीत सत्ताधारी पक्षाच्याच एगॉन बार यांनी त्याला विचारांची विकृती म्हटलं. नेदरलँड्समध्ये विरोधाच्या निवेदनावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मॉस्कोला तर आयतं कोलीतच मिळालं. चॅन्सेलर हेल्मूट श्मिट यांनी स्वपक्षाचा विरोध पत्करून कशीबशी तयारी दाखवली आणि ७ एप्रिल १९७८ ला कार्टरनी उत्पादन लांबणीवर टाकल्याची घोषणा केली. श्मिट शेवटपर्यंत हे विसरले नाहीत.

वर्तमानपत्रांच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली: बाँब आला, बाँब गेला. १९८१ च्या ऑगस्टमध्ये रेगन सरकारने उत्पादन आणि साठवणुकीचा निर्णय जाहीर केला, तेव्हा तो पुन्हा परतला. मवाळ कार्टर, कडवे रेगन. पण मधल्या काळात काय झालं ते बघा. लांबणीवर टाकताना कार्टरनी लान्सच्या अस्त्राग्राचं आधुनिकीकरण चालू ठेवायला सांगितलं होतं, आणि तेही अशा रीतीने की किरणोत्सर्ग वाढवणारे भाग नंतर बसवता यावेत. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या भागांच्या उत्पादनालाही त्यांनी परवानगी दिली. म्हणजे रेगनच्या ‘धाडसी’ निर्णयाच्या वेळी सुटे भाग कारखान्यात होतेच; जोडणीचा हुकूम तेवढा नवा. मागे गेलं तर कल्पना १९५८ ची, रँड या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या सॅम्युएल कोहेन यांची. आणि याच जातीचं अस्त्राग्र १९७५ मध्ये नॉर्थ डकोटातल्या क्षेपणास्त्रविरोधी तळावर, स्प्रिंट क्षेपणास्त्रावर, बसवूनही झालं होतं. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

पिंकस यांच्या बातमीविषयी मला आदरच आहे. तिच्या पाठोपाठ जे लिहिलं गेलं त्याविषयी मात्र फारसा नाही. युरोपात त्या घटकेला अमेरिकेची सुमारे सात हजार लहान पल्ल्याची अण्वस्त्रं होती. ती पूर्व सीमेवरच्या सोव्हिएत रणगाड्यांवर वापरायची म्हणजे जर्मनीच्याच गावांवर टाकायची, हे उघड होतं. ती सात हजार मारत होती आणि इमारतीही पाडत होती. त्यांच्याबद्दल प्रश्न विचारायला न्यूट्रॉन बाँबचं निमित्त नामी होतं. पण नव्या राक्षसाची बातमी होते, घरच्या जुन्या राक्षसाची होत नाही. सात हजार तशीच राहिली. जमिनीवरची सगळी लहान पल्ल्याची अस्त्रं मागे घेण्याचा निर्णय झाला तो २७ सप्टेंबर १९९१ ला, थोरल्या बुशच्या भाषणात, बर्लिनची भिंत पडून दोन वर्षं होत आली तेव्हा.

कार्टरचंच दुसरं प्रकरण याहून मजेदार आहे. २५ जुलै १९८० ला त्यांनी ५९ क्रमांकाच्या गोपनीय निर्देशावर सही केली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो वर्तमानपत्रांत फुटला. इराणमध्ये ओलिस अडकलेले, निवडणुकीत समोर रेगन, आणि आठवड्याभरात न्यूयॉर्कमध्ये पक्षाचं अधिवेशन. फुटला की फोडला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. बातम्यांचा सूर होता, अमेरिकेची नवी अणुनीती: शहरांऐवजी रशियाची लष्करी ठाणी, नेतृत्वाच्या जागा, टप्प्याटप्प्याने मारा, आठवडेच्या आठवडे चालू शकणारं अणुयुद्ध. परराष्ट्रमंत्री एडमंड मस्की यांना हा निर्देश निघाल्याचं कळलं ते वर्तमानपत्रं वाचून. एका अर्थी ते स्टोनच्या मार्गावर होते.

आता गंमत अशी, की २० ऑगस्टला न्यूपोर्टच्या नौदल महाविद्यालयात संरक्षणमंत्री हॅरॉल्ड ब्राउन यांनी जाहीर भाषणात सांगून टाकलं की यात मूलभूत नवं काही नाही, गेल्या दहाएक वर्षांच्या धोरणाचंच हे पुढचं पाऊल आहे. सरकारी खुलासा म्हणून लोकांनी तो कानाआड केला. पण मला वाटतं त्या सगळ्या प्रकरणातलं ते सगळ्यात खरं, आणि म्हणूनच सगळ्यात गंभीर, विधान होतं. जानेवारी १९७४ मध्ये निक्सनच्या संरक्षणमंत्र्यांनी, जेम्स श्लेसिंजर यांनी, वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांच्याच मेळाव्यात ‘मर्यादित’ अणुमाऱ्याच्या पर्यायांबद्दल सांगितलं होतं, आणि आठवड्याभरात निक्सननी त्या अर्थाच्या निर्णयावर सही केली होती. त्याआधी जून १९६२ मध्ये केनेडींचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात शहरं सोडून लष्करी लक्ष्यांवर मारा करण्याची कल्पना मांडली होती. पदवीदान समारंभात! टोप्या उडवायच्या आधी पोरांना हे ऐकावं लागलं. पुढे १९८१ च्या ऑक्टोबरात रेगननी आपला निर्देश काढला तो कार्टरच्याच चौकटीवर. मे १९८२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड हॅलोरन यांनी पेंटॅगॉनचा मार्गदर्शक दस्तऐवज उघड केला. लांबलेल्या अणुयुद्धातही अमेरिकेची सरशी झाली पाहिजे, असा त्याचा आशय होता. त्याने खळबळ उडाली आणि ‘रेगन वेडा आहे’ हा समज पक्का झाला. १२ जूनला सेंट्रल पार्कमध्ये अणुविरोधी लाखोंचा सागर जमला. त्या जनसागराला कुणी सांगितलं असतं की हे कागद केनेडी, निक्सन आणि कार्टर यांच्या टेबलांवरून फिरत फिरत इथवर आले आहेत, तर घोषणा कुणाच्या नावाने द्यायच्या असा प्रश्न पडला असता.

कार्टरच्या त्या निर्देशाचा मजकूर बत्तीस वर्षांनी, २०१२ मध्ये, गोपनीय सरकारी कागद खुले करवून घेणाऱ्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या संस्थेच्या पाठपुराव्यामुळे खुला झाला. तोवर तो इतिहासकारांचा विषय झाला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र जणू त्याचीच नवी आवृत्ती वाचायला मिळाली. न्यूयॉर्क टाइम्समध्ये डेव्हिड सँगर यांनी लिहिलं की बायडेननी मार्चमध्ये गोपनीय अणुनिर्देश मंजूर केला असून त्याचा रोख चीनकडे वळला आहे. व्हाइट हाउसचं उत्तर: हा कुठल्याही एका देशाला दिलेला प्रतिसाद नव्हे. एकीकडे नव्याची दवंडी, दुसरीकडे ‘यात काही विशेष नाही’चा खुलासा, आणि मधल्या मजकुराला कुलूप.

आपल्याकडच्या एका ठिकाणी हा सगळा खेळ आपण जवळून पाहिलेला आहे. तारापूर. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या त्या किनाऱ्यावर अमेरिकी जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. १९६३ च्या करारानुसार तीस वर्षं इंधन अमेरिकेने पुरवायचं. १९७४ चा पोखरण स्फोट झाला आणि इंधन अडकलं, सुटलं, पुन्हा अडकलं. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीत आले असताना परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्याशी कुजबुजले की परत गेल्यावर मोरारजींना एक थंड आणि अगदी रोखठोक पत्र पाठवू. मायक्रोफोन चालू होता. ते वाक्य जगभर गाजलं, आजही कार्टरच्या भारतभेटीचा विषय निघाला की तेवढंच निघतं. पण त्याच कार्टरनी अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध कडक कायदा केला आणि त्याच कार्टरनी तारापूरला इंधन जावं म्हणून आटापिटा केला. अणुनियामक आयोगाने १९८० मध्ये एकमताने नकार दिला, प्रतिनिधीगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी विरोध केला, आणि २४ सप्टेंबरला सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांच्या काठावर ३८ टन युरेनियम सुटलं. अफगाणिस्तानात रशियन सैन्य होतं, भारताला दुखावून चालणार नव्हतं. दोन वर्षांनी रेगन आणि इंदिरा गांधींनी तोडगा काढला: इंधन फ्रान्स देईल. कायदा जागेवर, तत्त्व जागेवर, भट्ट्याही चालू. अमेरिकी धोरणातलं सातत्य म्हणजे ताठरपणा अशी आपली समजूत असते. तारापूरने मला वाटतं त्याचा खरा स्वभाव दाखवला. नियम न मोडता वाट काढायची, आणि वाट काढून झाली की नियम आणखी ठासून सांगायचा.

असो. आता ओबामांकडे, कारण तिथे पत्रकारितेने उशिरा का होईना चोख काम केलं. ५ एप्रिल २००९ चं प्रागचं भाषण आठवत असेल. अण्वस्त्रमुक्त जगाचं आश्वासन, आणि ऑक्टोबरात नोबेल. त्या भाषणातच एक वाक्य होतं की ही शस्त्रं आहेत तोवर अमेरिका आपला साठा सुरक्षित आणि परिणामकारक ठेवील. ऐकणाऱ्यांनी पहिला भाग ऐकला, पेंटॅगॉनने दुसरा. २०१० मध्ये रशियाबरोबरचा न्यू स्टार्ट हा अण्वस्त्रमर्यादेचा करार सिनेटमधून ७१ विरुद्ध २६ ने मंजूर करून घेताना ओबामांनी अण्वस्त्रांच्या कारखान्यांसाठी दहा वर्षांत ८५ अब्ज डॉलर कबूल केले होते. कराराच्या बातम्या भरभरून आल्या, किमतीच्या तळाला. मग सप्टेंबर २०१४ मध्ये विल्यम ब्रॉड आणि डेव्हिड सँगर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये कॅन्सस सिटीहून लिहिलं. जिथे पूर्वी सोयाबीन पिकत होतं त्या जमिनीवर अण्वस्त्रांचे यांत्रिक भाग बनवणारा प्रचंड नवा कारखाना उभा राहिला होता. लातूरकडच्या वाचकाला हे वाचून काय वाटेल कोण जाणे. नव्या पाणबुड्या, नवी बाँबफेकी विमानं, नवी क्षेपणास्त्रं असा तीस वर्षांचा एकूण खर्च एक हजार अब्ज डॉलरच्या घरात जाईल, असा हिशेब त्याच वर्षीच्या जानेवारीत माँटरेच्या जेम्स मार्टिन सेंटर या अण्वस्त्रप्रसाराच्या अभ्यासकेंद्राने मांडला होता. बातमीमागे असा एखादा कंटाळवाणा अहवाल असतोच.

जमिनीवरून, समुद्रातून, आकाशातून. अमेरिकी अण्वस्त्रांचे हे तीन पाय साठच्या दशकारंभी ठरले आणि एकाही राष्ट्राध्यक्षाने त्यातला एकही काढला नाही. पळसाला पानं तीनच.

या कारखान्याच्या बातमीचा उपयोग तीन वर्षांनी झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये उत्तर कोरियाला आगीच्या धमक्या दिल्यानंतर ट्रम्पनी ट्वीट केलं की अध्यक्ष म्हणून माझा पहिलाच आदेश अण्वस्त्रसाठ्याच्या आधुनिकीकरणाचा होता आणि आता तो पूर्वीपेक्षा कितीतरी ताकदवान आहे. अनेक वृत्तपत्रांच्या फॅक्ट-चेक सदरांनी लगेच दाखवलं की तो पहिला आदेश नव्हता, तो फक्त आढाव्याचा आदेश होता, आढावा तर आधीच्या अध्यक्षांनीही घेतला होता, आणि आधुनिकीकरण ओबामांच्या काळात सुरू झालेलं आहे. हे सगळं खरं. पण माझ्या मनात तेव्हा एक खोडकर विचार आला: सातत्य हुडकून काढण्याचा उत्साह नेमका ट्रम्पला खोटं पाडायच्या वेळी कसा आला? ओबामा शांततेचे दूत म्हणून मिरवत असताना तो एवढा नव्हता, आणि बायडेनच्या वेळी पुन्हा ओसरला.

बायडेनचं उदाहरण तर पुराव्यासारखं आहे. ट्रम्प सरकारने पाणबुडीवरच्या क्षेपणास्त्रासाठी कमी ताकदीचं नवं अस्त्राग्र बनवलं, डब्ल्यू-७६-२. ते २०१९ च्या अखेरीस टेनेसी या पाणबुडीवरून समुद्रात गेल्याचं विल्यम आर्किन आणि हान्स क्रिस्टेन्सन यांनी जानेवारी २०२० मध्ये फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्सतर्फे उघड केलं. पेंटॅगॉनने नंतर दुजोरा दिला. उमेदवार बायडेननी या अस्त्राला वाईट कल्पना म्हटलं होतं. अध्यक्ष बायडेनच्या ऑक्टोबर २०२२ च्या अणुआढाव्यात ते राहिलं. अण्वस्त्रांचा एकमेव हेतू शत्रूला अण्वस्त्र वापरण्यापासून रोखणं हाच असावा, असं त्यांनी वर्षानुवर्षं मांडलं होतं, तेही आढाव्यात आलं नाही. २०१६ मध्ये ओबामांनी ‘पहिला वापर नाही’ हे धोरण विचारात घेऊन सोडून दिलं होतं, त्याचीच री. युक्रेन युद्धाचे दिवस होते, बातमी आतल्या पानावर गेली.

क्रिस्टेन्सन आणि त्यांचे सहकारी ‘न्यूक्लिअर नोटबुक’ नावाचं सदर लिहितात. बुलेटिन ऑफ द ॲटॉमिक सायंटिस्ट्स या नियतकालिकात ते १९८७ पासून चालू आहे. कुठल्या देशाकडे कुठल्या प्रकारची किती अस्त्रं, कुठल्या तळावर, किती निवृत्त झालेली आणि मोडीत काढायची बाकी. तक्ते आणि तळटिपा. याच बुलेटिनचं दुसरं अपत्य म्हणजे १९४७ पासूनचं ते प्रलयाचं घड्याळ (मध्यरात्र म्हणजे प्रलय), ज्याचा काटा २०२५ च्या जानेवारीत मध्यरात्रीला ८९ सेकंद कमी इथे आणला. काटा सरकला की जगातला प्रत्येक पेपर फोटो छापतो. मीही चौकटीत लावलेला आहे, रात्री दीडला तो नेमका बसतो. नोटबुक कुणी छापत नाही. घड्याळात शास्त्रज्ञांचं मत आहे आणि नोटबुकमध्ये शस्त्रं आहेत, तरी.

या सातत्यामागे काही कारस्थान आहे असं मला म्हणायचं नाही. एक अणुपाणबुडी आखल्यापासून समुद्रात उतरेपर्यंत तीन-चार निवडणुका होऊन जातात. कारखाना ज्या मतदारसंघात आहे तिथला खासदार कुठल्याही पक्षाचा असला तरी कारखान्याचाच असतो. आणि मोठे बदल झालेच नाहीत असंही नाही. १९६७ मध्ये अमेरिकेच्या साठ्यात ३१,२५५ अस्त्राग्रं होती, सप्टेंबर २०२३ मध्ये ३,७४८. हा उतार खराच मोठा आहे, आणि त्यातला मोठा वाटा थोरल्या बुशच्या काळात सुरू झालेल्या कपातीचा. अण्वस्त्रमुक्तीचं नोबेल त्यांना कुणी दिलं नाही.

चांगलं सातत्यही पत्रकारितेच्या नजरेतून तसंच सुटतं. २३ सप्टेंबर १९९२ नंतर अमेरिकेने एकही अणुस्फोट चाचणी केली नाही. चाचणीबंदी करार सिनेटने १९९९ मध्ये फेटाळला, तरी क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा, ट्रम्प, बायडेन, सगळ्यांनी हा खंड पाळला. दरवर्षी २३ सप्टेंबर येऊन जायची आणि ‘आजही चाचणी नाही’ अशी बातमी कुणी करायचं नाही, करणार तरी कशी? मग ३० ऑक्टोबर २०२५ ला, दक्षिण कोरियात शी जिनपिंग यांच्या भेटीला काही मिनिटं उरली असताना, ट्रम्पनी लिहिलं की इतर देशांच्या बरोबरीने चाचण्या सुरू करायला आपण सांगितलं आहे. एका दिवसात सगळ्यांनी सगळं छापलं: शेवटची चाचणी कधी झाली, ती कुठल्या खात्याच्या अखत्यारीत येते (पेंटॅगॉनच्या नाही, ऊर्जाखात्याच्या), स्फोट न करता संगणकावर साठा कसा तपासतात. तेहतीस वर्षांची माहिती एका रात्रीत. डेस्कवरच्या कुणा बिचाऱ्याची रात्रपाळी त्यात गेली असणार.

हल्ली मी भाषणं फारशी ऐकत नाही. अमेरिकी काँग्रेसचं अंदाजपत्रक कार्यालय कायद्याने दर दोन वर्षांनी अण्वस्त्रांच्या पुढच्या दहा वर्षांच्या खर्चाचा अंदाज काढतं, तो तेवढा वाचतो. ओबामांच्या काळात, २०१३ मध्ये, आकडा होता ३५५ अब्ज डॉलर. २०१५ मध्ये ३४८. मग २०१७ मध्ये ४००, २०१९ मध्ये ४९४, बायडेन आल्यावर २०२१ मध्ये ६३४, २०२३ मध्ये ७५६, आणि ट्रम्पच्या दुसऱ्या कारकिर्दीत एप्रिल २०२५ मध्ये ९४६. यातली काही वाढ महागाईची आहे आणि काही दहा वर्षांची खिडकी पुढे सरकल्यामुळे, नवी शस्त्रं संशोधनातून उत्पादनात आल्यामुळे. तेवढं सोडूनही आलेखाला कुठल्याच निवडणुकीत खाच पडलेली दिसत नाही. त्या एप्रिलमध्ये जगभरच्या पानांवर आयातशुल्काखेरीज दुसरं काही नव्हतं, अहवालाची बातमी मला शोधूनच काढावी लागली.

त्यातलं एक कलम मला फार आवडलं. पेंटॅगॉन आणि ऊर्जाखात्याने दिलेल्या योजनांची बेरीज ८१७ अब्ज होते. उरलेले १२९ अब्ज कार्यालयाने स्वतः वर घातले आहेत. अशा प्रकल्पांचा खर्च आजवर जसा ठरल्यापेक्षा वाढत आला तसाच याही वेळी वाढेल, म्हणून. जमिनीवरच्या नव्या सेंटिनेल क्षेपणास्त्राचा अंदाज २०२४ मध्ये ८१ टक्क्यांनी फुगून सुमारे १४१ अब्जांवर गेला होता, तेव्हा त्यांना फार डोकं लढवावं लागलं नसेल. अमेरिकी अणुधोरणातल्या सातत्याची रुपये-पैशांत नोंद घेणारी ही मंडळी वर्तमानपत्रात नोकरीला नाहीत, एवढंच.